सुई सुटेल तेव्हा सुटेल, तोवर गोळीचं काय?

मागच्या महिन्यात रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे पाल्हाळ झालं ते कापलंय, काही आकडे नीट लिहून घातलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

हा भाग एका प्रश्नामुळं झाला. आपल्या औंढा तालुक्यातल्याच एक ताई कार्यक्रम ऐकतात. त्यांनी व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवला. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील काढून सांगतो. त्यांची एक मावसबहीण लग्न होऊन मुंबईकडं गेली. नवऱ्याला नशेची सवय होती, पुढं तिलाही सुईची सवय लागली. माहेरी हे दोघी-तिघींनाच ठाऊक आहे. तिनं मध्यंतरी एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. ताईंचं म्हणणं असं: "भाऊ, सुई सुटेल तेव्हा सुटेल. पण तोवर तिला हा आजार लागू नये म्हणून रोज घ्यायची गोळी असते म्हणं. ती खरी आहे का? आणि असली, तर ती हिला रोज घ्यायला कशी लावायची?"

प्रश्नातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला. गोळी खरी आहे का, याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. रोज घ्यायला कशी लावायची, यावर जगभरातल्या शास्त्रज्ञांनी पंधरा-वीस वर्षं डोकं खपवलंय.

आधी गोळीबद्दल. तिला प्रेप म्हणतात. एचआयव्हीची लागण होण्याआधीच घ्यायचं हे औषध आहे. बहुतेक ठिकाणी टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एकाच गोळीत असतात. एचआयव्हीचा विषाणू रक्तात शिरला म्हणजे लगेच आजार पक्का झाला असं नसतं. त्याला आपल्या पेशीत घुसून स्वतःची नक्कल करायची असते, आणि त्यासाठी तो एक विकर वापरतो. ही दोन औषधं त्या विकराच्या कामात खोडा घालतात. पण त्यासाठी औषध पेशीत आधीपासून हजर पाहिजे. पाहुणा येऊन जेवून गेल्यावर दाराला कुलूप लावून काय उपयोग?

इथं एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगतो. धोका घडून गेल्यावर घ्यायचं औषध वेगळं असतं, त्याला पेप म्हणतात. ते 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस घ्यावं लागतं. बलात्कार झालेल्या बाईला किंवा सुई टोचलेल्या नर्सला सरकारी दवाखान्यात ते मिळतं. प्रेप आणि पेप, नावात एका अक्षराचा फरक, वापरात जमीन-अस्मानाचा.

तिसरी गोष्ट एआरटी. ती एचआयव्ही झालेल्यांसाठी. भारतात ती सरकारतर्फे मोफत मिळायला 2004 साली सुरुवात झाली. प्रेपमधलं टेनोफोव्हिर एआरटीतही असतं, आणि डबीसुद्धा साधारण तशीच, प्लास्टिकची, आत तीस गोळ्या. हे लक्षात ठेवा, पुढं याच डबीचा प्रश्न येणार आहे.

आता ही गोळी सुईने नशा करणाऱ्यांना उपयोगी पडते का? यावर नाव घ्यावा असा सगळ्यात मोठा अभ्यास थायलंडमध्ये झाला. बँकॉकमधल्या 17 दवाखान्यांत 2,413 जण त्यात होते, सगळे इंजेक्शनने नशा करणारे, आणि त्यातल्या साधारण पाचांतली एक बाई होती. निम्म्यांना टेनोफोव्हिर, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. 2013 साली निकाल आला. गोळी दिलेल्या गटात 17 जणांना लागण झाली, दुसऱ्या गटात 33 जणांना. म्हणजे धोका जवळपास निम्म्यानं कमी, नेमका आकडा 48.9 टक्के. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात संरक्षण 74 टक्क्यांपर्यंत गेलं. आणि फक्त बायकांचा हिशेब वेगळा काढला तर तो 78 टक्क्यांच्या वर होता.

मला स्वतःला या अभ्यासातली एक गोष्ट खटकते आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. तिथं लोकांना निरोध दिले, सुया धुवायला ब्लीच दिलं, पण नव्या सुया दिल्या नाहीत, कारण तिथल्या सरकारी धोरणात ते बसत नव्हतं. अंगात पाणी शिरतंय तर छत्री द्या, पण छप्परही दुरुस्त करा ना. गोळी ही नव्या सुईच्या जागी नाही, तिच्या जोडीला. नवी सुई एचआयव्हीच नाही, हिपॅटायटिस सी सुद्धा थांबवते. प्रेप हिपॅटायटिस सी थांबवत नाही.

म्हणजे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. गोळी खरी आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडं येण्याआधी बायकांचं वेगळं काय, हे बघू. 2019 साली एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीत भारतात इंजेक्शनने नशा करणारे साधारण साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज दिला. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण 2021च्या सरकारी पाहणीत 9 टक्क्यांच्या आसपास निघालं, तर देशातल्या सगळ्या प्रौढांचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे. फरक किती, बघा. पण या पाहण्या जिथं होतात तिथं येणारे बहुतेक पुरुष. बाई त्या आकड्यात जवळपास दिसतच नाही. ती नाही म्हणून दिसत नाही असं नाही. ती केंद्रावर येत नाही म्हणून दिसत नाही.

का येत नाही? कारण नशेच्या केंद्रावर वीस पुरुष बसलेले, त्यात तिचा दीर ओळखणारा एखादा, आणि बाई आली की सगळ्यांची नजर. घरी लेकरू सोडून यायचं तर कुणाकडं? शिवाय पुरुष नशा करतो तेव्हा लोक म्हणतात वाया गेला. बाई करते तेव्हा तिच्या चारित्र्यावर जातात, लेकरं काढून घेण्यापर्यंत बोलणं जातं.

आणि धोकाही तिला दुहेरी असतो. अनेक बायकांना पहिली सुई नवऱ्यानं किंवा मित्रानं टोचलेली असते. माल तो आणतो, सिरिंज त्याच्या हातात. आधी तो घेतो, मग उरलेल्यातून ती, त्याच सुईनं. घरात आधी कोण जेवतं आणि मागून कोण, ते आपल्याला सांगायला नको. तोच क्रम सुईलाही लागतो, फक्त इथं मागून बसणाऱ्याच्या वाट्याला त्याचं रक्त येतं. त्यावर पुन्हा संबंध, बहुतेक वेळा निरोधाशिवाय, कारण नवरा-बायकोत निरोध मागणं म्हणजे संशय घेणं. आणि पैसे संपले की नशेसाठी देहविक्रय करणाऱ्याही असतात. म्हणजे एकीला सुईचा रस्ता आणि संबंधाचा रस्ता, दोन्हीकडून धोका.

आता शरीराची एक गोष्ट, जी ताईंच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. टेनोफोव्हिर शरीरात सगळीकडं सारखं पोचत नाही. गुदमार्गाच्या आवरणात ते भरपूर साठतं, योनीमार्गाच्या आवरणात बरंच कमी. त्यामुळं समलिंगी पुरुषांच्या बाबतीत आठवड्यातून चार गोळ्या झाल्या तरी बरंच भागतं, बाईला मात्र आठवड्याच्या सहा-सात लागतात. दोन-चार दिवस चुकले की तिचं संरक्षण पुरुषापेक्षा लवकर ढासळतं. इंटरनेटवर "संबंधाआधी दोन गोळ्या, नंतर एकेक" अशी पद्धत वाचायला मिळेल. ती बायकांसाठी नाही आणि सुईच्या धोक्यासाठीही नाही. हे फार ठळक सांगतो, कारण फोनवर वाचून तशी घेणारे आहेत.

सुरू केल्यावर संरक्षण किती दिवसांनी येतं, यावर जागतिक आरोग्य संघटना रोज घेतलेल्या सात गोळ्या म्हणते, अमेरिकेतली सीडीसी योनीमार्गाच्या संबंधांसाठी सुमारे 21 दिवस म्हणते. मी म्हणेन पहिले तीन आठवडे गोळी चालू असली तरी ती नाही असं समजूनच वागा.

तर जिला रोज न चुकता घ्यायची गरज जास्त, तिच्याच आयुष्यात "रोज" ही गोष्ट सगळ्यात अवघड. इथं घोडं अडतं.

हे फक्त नशा करणाऱ्या बायकांचं नाही, बरं का. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये व्हॉईस नावाचा अभ्यास झाला, 5,029 बायका, बहुतेक तरुण, नशेशी संबंध नसलेल्या. गोळ्या घेता का विचारलं तर जवळजवळ सगळ्या म्हणाल्या हो. रक्त तपासलं तर तीसएक टक्के नमुन्यांतच औषध सापडलं. मग साहजिकच अभ्यासात गोळीचा फायदा दिसला नाही. तेव्हा काहींनी निष्कर्ष काढला की बायका खोटं बोलतात. मला हे पटत नाही. नंतर त्याच बायकांशी शांतपणे बोललं तेव्हा कारणं बाहेर आली. घरच्यांना डबी दिसली तर एड्स झालाय म्हणतील. नवरा संशय घेईल. मी निरोगी आहे, मग आजाऱ्याची गोळी का खाऊ? आणि नर्सबाई इतक्या चांगल्या आहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून हो म्हटलं. हे शेवटचं तर आपल्याकडं अगदी ओळखीचं आहे. डॉक्टरसमोर "घेतो की" म्हणणारे आणि घरी गोळ्या फडताळात ठेवणारे किती आहेत, प्रत्येकाच्या घरात एक तरी निघेल.

डबीचा प्रश्न म्हटलं होतं ना, तो हा. मावसबहीण दिवाळीला, नाहीतर शिवरात्रीच्या यात्रेला माहेरी आली, पंधरा दिवस राहिली, तर ती डबी कुठं ठेवणार? आपल्याकडच्या घरात बाईची स्वतःची म्हणावी अशी एक पेटी असते, तीही सगळे उघडतात. मग ती डबी मुंबईलाच ठेवून येते, आणि पंधरा दिवस गोळी बंद. यावर अगदी साधा उपाय आहे. गोळ्या मूळ डबीतून काढून, थोड्या दिवसांपुरत्या दुसऱ्या छोट्या, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायच्या. ओलावा लागू द्यायचा नाही, फार दिवस तशा ठेवायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवायचं. कोणतं उत्तर तिच्या घरात चालेल ते तिचं तिलाच माहीत. समुपदेशकानं उत्तर शिकवू नये, विचारावं.

नशा करणाऱ्या बायकांसाठी खास म्हणून झालेलं काम बघायचं तर अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एक अभ्यास झाला, नव्या सुया देणाऱ्या केंद्रावरच. 95 बायका होत्या. गोळी घ्यायला साधारण दोन तृतीयांश तयार झाल्या. इतक्या बायका हो म्हणतील असं फार थोड्यांना वाटलं असेल. "नशेडी माणसाला आरोग्याची काय पडलीय" हा समज तिथं मोडला. पण लघवीच्या तपासणीत औषध पुरेसं सापडलेल्या बायका फार कमी निघाल्या. म्हणजे हवीय, घेतली, पण टिकली नाही. अशा बायकांशी झालेल्या अभ्यासांत जी कारणं पुन्हा पुन्हा येतात ती ऐका: राहायला पक्कं ठिकाण नाही, पिशवी चोरीला गेली, पोलिसांनी सामान फेकलं, तुरुंगात गेली, दुसऱ्या दवाखान्याची तारीख चुकली. आळशीपणा हे कारण त्यात कुठं नाही. गोळी ठेवायला जागाच नाही, हे कारण आहे.

आणखी एक कारण माझ्या विचारातून सांगतो. सुरुवातीचे एक-दोन आठवडे या गोळीनं काहींना मळमळतं, डोकं दुखतं, पोट बिघडतं. मग ते आपोआप थांबतं. पण जिला टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्यावर अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, तिला ही मळमळ म्हणजे टर्कीच वाटू शकते. मग ती गोळी सोडेल नाहीतर डोस वाढवेल. हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं पाहिजे. दोन वाक्यांचं काम आहे.

आता आपल्या देशाकडं या. सुईने नशा करणाऱ्या बायकांना प्रेप दिल्याचा मोठा प्रयोग इथला मला सांगता येणार नाही, पण त्याच्या अगदी शेजारचा एक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कोलकात्याच्या सोनागाछीतली दुर्बार महिला समन्वय समिती आणि म्हैसूरची आशोदया समिती, दोन्ही देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या संघटना. त्यांनी आपल्या सभासदांना प्रेप दिली. दोन्हीकडं मिळून 1,325 बायका. कोलकात्यात 678, म्हैसूरमध्ये 647. अभ्यासाच्या काळात एकीलाही एचआयव्ही झाला नाही. आणि फक्त तोंडी विचारून थांबले नाहीत, काहींचं रक्त तपासून औषध आहे का तेही बघितलं. व्हॉईसमध्ये जे झालं ते इथं झालं नाही.

का? औषध तेच. बायका गरीबच. फरक देणाऱ्यात होता. गोळी देणारी, आठवण करणारी, घरी जाऊन बसणारी बाई त्यांच्यातलीच होती. तिच्यासमोर खोटं "हो" म्हणायची गरज नव्हती. गोळी सुरू करण्याआधी महिनोन्महिने वस्तीत बोलणं झालं, घरवाल्या, मालकिणी, नेहमीचे जोडीदार यांच्यापर्यंत, जेणेकरून डबी दिसली तर ती कशाची हे वस्तीला माहीत असावं. डबी लपवायचा प्रश्नच त्यांनी उलटा फिरवला.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीत मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेनं 1992 पासून देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं. त्यातून बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, व्हॅम्प, उभी राहिली. तिथं निरोध वाटणाऱ्या बाहेरच्या ताई नव्हत्या, वस्तीतल्याच बायका होत्या. नशेच्या बाजूनं बघाल तर पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, अवचटांनी "गर्द" लिहिलं, आणि नशा करणारा माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे ही भाषा मराठी घरांत पोचली. मुक्तांगणात बायकांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत संकल्प ही संस्था रस्त्यावर नशा करणाऱ्यांबरोबर काम करते. म्हणजे सांगलीची रीत आणि पुण्या-मुंबईचा अनुभव, दोन्ही हाताशी आहेत. फक्त ते एका बाईच्या दारात एकत्र यायला पाहिजेत.

माझ्या मते सगळ्यात सोपी जागा ओएसटी केंद्र आहे. ओएसटी म्हणजे सुईच्या बदल्यात तोंडानं घ्यायचं औषध. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवतात, काही ठिकाणी मेथाडोनचं पातळ औषध असतं. त्यानं टर्की लागत नाही, सुईची गरज कमी होते. हे औषध बहुतेकांना केंद्रात, नर्सच्या समोर, रोज घ्यावं लागतं. मग रोज येणाऱ्या बाईला त्याच पाण्याच्या घोटाबरोबर प्रेपची गोळी द्या ना! ठेवायचा प्रश्न नाही, चोरीचा नाही, सासूला दिसायचा नाही. दोन्ही औषधं एकत्र घेतल्यानं अडचण येत नाही. बँकॉकच्या अभ्यासातही रोज समोर येऊन गोळी घ्यायची सोय होती, आणि बहुतेकांनी तीच पसंत केली. शिवाय तिथंच नवी सुई, तिथंच गर्भनिरोधक, तिथंच लेकराला बसायला एक सतरंजी, आणि आठवड्यातला एक दिवस फक्त बायकांचा. चार ठिकाणी चार खिडक्या केल्या की बाई दुसऱ्या खिडकीलाच गळते.

एक गोष्ट मात्र करू नये: "आधी सुई सोड, मग गोळी देऊ." असं म्हणणारे भले लोकही असतात. पण हा धोका सुई चालू असतानाचाच आहे. सुटल्यावर गोळीची गरज तशीही कमीच होणार.

कायद्याची भीती ताईंनी बोलून दाखवली होती. नशा करणं एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरं. पण 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, त्यात एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी सुया, निरोध, औषधं देणं-घेणं याला संरक्षण दिलंय. त्याच कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि निकाल दुसऱ्याला सांगायला मनाई आहे. सासरच्यांनासुद्धा.

मग हिला गोळी मिळणार कुठून? नॅकोनं 2022 साली प्रेपची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली, सुईने नशा करणारेही त्यात येतात. पण कागदावर असणं आणि एआरटीसारखं प्रत्येक जिल्ह्यात फुकट मिळणं यात अंतर आहे. आज बहुतेकांना खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकतच घ्यावी लागते. आपल्या तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी मोजायची लायगो वेधशाळा होतेय, 2,600 कोटींची मंजुरी झाली, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांची धडक इथं ऐकू येणार. चांगलंच आहे. पण औंढ्याच्या बाईला प्रेप हवी असेल तर आधी हिंगोली, नाहीतर परभणी-नांदेड. असो.

सुरू करण्याआधी काही तपासण्या टाळून चालत नाही. पहिली एचआयव्हीची, आणि ती जुनी नको, त्याच आठवड्यातली. कारण आधीच लागण असताना प्रेप घेतली तर दोन औषधं अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना सरावतो, मग उपचार अवघड होतात. दुसरी हिपॅटायटिस बीची. टेनोफोव्हिर त्यावरही चालतं, म्हणून ज्यांना बी आहे त्यांनी गोळी अचानक बंद केली तर यकृताला सूज येऊ शकते. तिसरी क्रिएटिनिन, मूत्रपिंडासाठी. पुढं दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी. आयसीटीसीत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. गरोदर असली किंवा अंगावर पाजत असली तरी ही गोळी घेता येते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचं भांडण नाही. बंद करायची असेल तर शेवटच्या धोक्यानंतर किमान सात दिवस चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून.

गोळी चुकली तर? आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. आणि आठवडाभर बंद पडली तर लाजून सोडून देऊ नका, तपासणी करून परत सुरू करता येते. अनेक बायका इथंच कायमच्या सुटतात. एकदा चुकली म्हणून बोलणी खावी लागतील, या भीतीनं परत येतच नाहीत.

शेवटी रोजची कटकटच नको असं काही आहे का? आहे. कॅबोटेग्राव्हिरचं इंजेक्शन दोन महिन्यांतून एकदा. त्याहून पुढचं लेनाकापाव्हिर, वर्षातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. 2024 साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या तरुण मुली-बायकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. लेनाकापाव्हिर दिलेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. शून्य. अमेरिकेत जून 2025 मध्ये मंजुरी मिळाली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. मूळ कंपनीनं गरीब देशांसाठी स्वस्त औषध बनवायचा परवाना सहा कंपन्यांना दिला, त्यात आपली पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याबरोबर जे करार झाले त्यानुसार 2027 पासून वर्षाला 40 डॉलरच्या आसपास ते मिळायचंय.

वर्षातून दोनदा म्हणजे डबी नाही, पेटी नाही, सासू नाही. पण दोन अडचणी सांगून ठेवतो. सुईने नशा करणाऱ्यांवर त्याचा वेगळा अभ्यास अमेरिकेत चालू आहे, आफ्रिकेतला निकाल जसाच्या तसा सुईच्या धोक्याला लावता येत नाही. आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन हे औषध लेनाकापाव्हिरची ताकद घालवतं. आपल्याकडं टीबी किती आहे ते माहीतच आहे, त्यामुळं खोकला असेल तर आधी टीबीची तपासणी.

ताईंनी नंतर फोनवर विचारलं, आज मी नेमकं काय करू? मी सांगितलं ते इथं लिहितो. बहिणीला गोळीचं सांगायच्या आधी एवढंच विचारा की सुई कोण टोचतं, नवी असते का, आणि पहिली कोण घेतं. तिच्या उत्तरावरून पुढचं ठरेल. 1097 हा नॅकोचा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, तिच्या जवळचं सुया आणि ओएसटी देणारं केंद्र तिथं विचारा. नशा सोडायची मदत हवी असेल तर 14446. फोन तिनं स्वतः करावा. जमत नसेल तर तुम्ही तिच्या शेजारी बसून, स्पीकर लावून करा. तिच्या वतीनं, तिच्या माघारी मात्र नको.

पुढच्या भागात हिपॅटायटिस सीचे उपचार बघू. तो बरा होतो, आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरावर पाठवा. नाव सांगायची गरज नाही.